हार्ड क्रोम केलं तरी पंपाची स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली नळी) दोन महिन्यांत जाते, कुठलं कोटिंग टिकेल?

गंजका_बोल्ट: मंडळी, पंपात १० टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यात बारीक वाळू, तापमान ५० च्या आसपास. एमएस (साध्या लोखंडाच्या) स्लीव्हवर ६० मायक्रॉन हार्ड क्रोम केलंय, पण ग्लँड रोपच्या (गळती अडवायला शाफ्टभोवती ठासलेल्या दोरीच्या) जागी खाच पडते आणि बाजूचं क्रोम पापुद्र्यासारखं निघतं. जाडी १०० करू का, की टंगस्टन कार्बाईड मारू? ते सगळ्यात कडक असतं ना?

फिटर_तात्या: आधी निघालेला पापुद्रा उलटा करून बघ, मग सांग.

गंजका_बोल्ट: बघितला तात्या. वरून अजून चकाचक आहे आणि खालच्या बाजूला काळी भुकटी, बोटाला लागते.

फिटर_तात्या: मग क्रोम झिजलं नाही रे, खालचं लोखंड खाल्लं गेलं. हार्ड क्रोममध्ये केसासारख्या बारीक भेगा असतातच, अ‍ॅसिड त्यातून आत उतरतं आणि क्रोमला खाली धरायला काही उरत नाही. त्यात पातळ सल्फ्युरिक क्रोमलाही सोडत नाही, त्यामुळे जाडी वाढवून दिवस थोडे वाढतील, बाकी काही नाही.

स्प्रेगनवाला: तात्यांशी सहमत, आणि टंगस्टन कार्बाईड म्हणताना बाइंडर (कण धरून ठेवणारा धातू) कुठला ते विचार. साधा कोबाल्ट असेल तर अ‍ॅसिड तो विरघळवतं आणि कार्बाईडचे कण सुटे होऊन रोपमध्ये पॉलिश पेपरसारखे घासत बसतात (हे मी स्वतः करून बसलोय, हसू नका). १० टक्के कोबाल्ट ४ टक्के क्रोमवाला ग्रेड बराच बरा. नाहीतर प्लाझ्मा स्प्रेने क्रोम ऑक्साईड, अ‍ॅसिड पंपाच्या स्लीव्हवर ते नेहमी मारतात. पण स्प्रे केलेलं काहीही असो, छिद्रं राहतातच, सीलर ग्राइंडिंगच्या आधी भरायचा, आणि खाली एमएस अजिबात नको, बेस अलॉय २० (अ‍ॅसिडला टिकणारा निकेलवाला मिश्रधातू) चा घे.

गंजका_बोल्ट: मग टेफ्लॉन मारलं तर? त्याला अ‍ॅसिडचं काहीच होत नाही म्हणतात.

फिटर_तात्या: अ‍ॅसिडचं होत नाही, वाळूचं होतं. नखाने ओरखडा जातो त्यावर. वाळू असेल तिथे पंपाच्या बॉडीला रबर लायनिंग चालतं, ५० डिग्रीला आरामात, कण आपटून परत उडतात. स्लीव्हला रबर नाही चालणार, रोप फाडून टाकेल.

स्प्रेगनवाला: आणि ग्लँडला बाहेरून स्वच्छ पाण्याचं फ्लशिंग आहे का? ते नसेल तर वाळू रोपमध्ये शिरणारच, मग कोटिंग काहीही मार.

गंजका_बोल्ट: लाइन आहे, पण व्हॉल्व्ह कधीचा बंदच आहे 😅 उद्या उघडतो आधी.