चिको चेची गाणी म्हणजे नुसती गंमत का?

सध्या कामासाठी मेक्सिकोत आहे. परवा कलीगच्या भाचीच्या किन्सेआनेराला गेले होते, मुलीला १५ वर्षं पूर्ण झाली की मोठा सोहळा करतात तो. आधी वडिलांसोबत वॉल्ट्झ झाला, आई रडत होती, हॉल एकदम शांत. मग चिको चे या मेक्सिकन गायकाचं 'केन पोम्पो' हे गाणं लागलं आणि आज्यांपासून पोरांपर्यंत सगळे फ्लोअरवर! मला स्पॅनिश येतं पण हे शब्द काही कळले नाहीत. आणि एवढं फेमस का?

रिप्लाय १
कळणार कसे, बोबडे आहेत ते! 'कियेन कोम्प्रो' म्हणजे कुणी विकत घेतलं, ते बाळाशी बोलतात तसं 'केन पोम्पो' केलंय. बाळाला बूट कुणी आणले, विषय एवढाच. पण मोठ्याने म्हणून बघ, ते 'पोम-पो' तोंडातच ढोलकीसारखं वाजतं, म्हणून भाषा न येणारा पण दुसऱ्या कडव्याला गायला लागतो.

रिप्लाय २
चिको चे ताबास्को राज्यातल्या व्हिलाएर्मोसाचा, डांगरी आणि मोठा चष्मा हीच त्याची ओळख, बँडचं नाव ला क्रिसिस. १९८९ मध्ये गेला, चाळिशीतच, फार लवकर गेला. पण गाणी अजून चालू आहेत. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या ऊर्जा धोरणावर तक्रार केली तेव्हा राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी पत्रकार परिषदेत उत्तर म्हणून त्याचं 'उय के मिएदो' लावलं होतं, म्हणजे 'बापरे, किती भीती वाटली'!! पार्टीतलं गाणं, पण सगळ्या देशाला पाठ.

रिप्लाय ३
नुसती गंमत अजिबात नाही. चिको चेची गाणी कुंबिया प्रकारातली, म्हणजे नाचायचं संगीत. कुंबिया मूळची कोलंबियाची आणि तिच्यात चेष्टा आधीपासून आहे, ला सोनोरा दिनामिता या बँडचं 'कापुयो इ सोरुयो' ऐक, नऊ पोरं, आठ गोरी आणि एक काळं, नवरा विचारतो हे एकच माझं नाही ना, तर बायको म्हणते हे एकच तुझं! हसू येतंच, पण खाली ग्युइरोची (काडीने घासून वाजवायचं वाद्य) खरखर आणि बास एकदा पण ठेका सोडत नाहीत. बँड ढिला असता तर जोक एकदा ऐकून लोक खाली बसले असते. आणि स्टेप सोप्पी आहे गं, पाय मागे-पुढे आणि जोडीने गोल फिरायचं, वॉल्ट्झसारखी महिनाभर प्रॅक्टिस नको.

मूळ प्रश्नवाली
आता कळलं ती आजी माझा हात धरून 'पोम-पो'ला टाळी का वाजवायला लावत होती! पुढच्या महिन्यात त्यांच्याच घरी लग्न आहे, तोपर्यंत शब्द पाठ करते.