खाणावळवालीची पत

‘गरीब कुटुंबांना आधी कौशल्य शिकवा, मग ती आपल्या पायावर उभी राहतील’ हे मला अर्धंच पटतं. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना शिकवायचं काय होतं? दहा बाय दहाच्या खोलीत त्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवू घालत होत्याच. पण कामगाराचा पैसा यायचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज आणि अंगावरचं किडूकमिडूक गहाण. हाताला चव होती, पत नव्हती.

प्रेमाताई पुरव यांनी नेमकं हेच दुखणं ओळखलं. १९७५ साली त्यांच्या पुढाकाराने या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बायकांनी गट करायचा, एकमेकींना जामीन राहायचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज घ्यायचं. तारण म्हणून दागिना नाही, शेजारणीचा शब्द! मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

म्हणून शिवणयंत्रं वाटणाऱ्या मंडळांना कळकळीची विनंती आहे. यंत्र देण्याआधी त्या बाईजवळ बसा आणि विचारा: कापड कोण उधार देणार, आणि शिलाईचे पैसे हातात कधी पडणार?