बिजवर, आणि बाईला काय म्हणायचं?

परवा 'संगीत शारदा'चा विषय निघाला. म्हाताऱ्या भुजंगनाथाचं ऐकून आजी म्हणाली, "बिजवर मेला!" लेकीनं लगेच विचारलं, दुसऱ्यांदा लग्न करणाऱ्या बाईला काय म्हणतात? मी गप्प. कुणाला माहीत आहे?

— आधी फोड सांगतो. यातलं 'बिज' म्हणजे बी-बियाणं नव्हे. द्वितीयेची बीज झाली, तीच भाऊबीजेतली. तिसऱ्यांदा बोहल्यावर चढला की तिजवर.

— बाईसाठी शब्द आहे, पण तो तिला नाही, तिच्या लग्नाला आहे. पाट किंवा मोहतूर. पुरुषाचं दुसरं-तिसरं 'लग्न'च राहतं; बाईचं पहिलं तेवढं लग्न, पुढचा पाट. म्हणून 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' असा भेद. ज्या जातींत विधवेला लग्नच नव्हतं, तिथं शब्द कशाला लागतोय? पुढे सुधारकांना लागला, तेव्हा 'पुनर्विवाह' हा संस्कृत शब्द पुढे आला. 1893 साली धोंडो केशव कर्वे आणि गोदूबाईंचं लग्न झालं. दुसरेपणा दोघांचाही होता, पण गहजब झाला तो ती विधवा म्हणून.

— 'दुसरेपणा'वरून आठवलं. आमच्याकडे 'तिला दुसरेपणावर दिली' म्हणतात. म्हणजे दुसरी वेळ त्याची, आणि शिक्का कोऱ्या मुलीवर! रमाबाई रानडे अशाच. 1873 साली त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती एकतिशीचे बिजवर. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केलं. रमाबाईंच्या आठवणी जरूर वाचा. मला तरी त्यात तक्रारीपेक्षा न बोललेलंच जास्त ऐकू येतं.

— विवाहविषयक जाहिरातींत 'प्रथमवर', 'प्रथमवधू' अशी बरोबरी दिसते. दुसऱ्या खेपेला मात्र ती 'विनापाश घटस्फोटिता'. पाश म्हणजे मूल, बरं का.

— मग 'बिजवधू' करू या की!

— व्याकरणाला हरकत नाही. पण बियाण्यांच्या दुकानाची पाटी वाटते.

— (मूळ प्रश्नकर्ती) हसले! लेकीला 'पाट' सांगितलं, तर म्हणाली, बसायचा? असो. माझ्या मावशीनं पन्नाशीत दुसरं लग्न केलं. मामानं पत्रिकेच्या कच्च्या प्रतीत 'पुनर्विवाह' लिहिलं होतं. मावशीनं पेन घेतलं, 'पुन' आणि 'र्' खोडलं, आणि म्हणाली, आता छाप.