मदत हवी आहे: पेनड्राइव्ह बंद केले, तर डीएससी टोकनही बंद पडतंय (इंट्यून)

सर्व्हररूमवाली:
नमस्कार मंडळी. फोर्टमधल्या एका सीए फर्मचं आयटी बघते. साठेक मशीन, सगळी विंडोज ११ प्रो, सगळी इंट्यूनमध्ये (ऑफिसची मशीन एका जागेवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) एनरोल केलेली. पार्टनर मंडळींचं म्हणणं एकच, क्लायंटचा डेटा पेनड्राइव्हवरून बाहेर जाता कामा नये. व्हेंडरने त्यासाठी पॉलिसी बनवली, बिल घेतलं आणि आता फोन उचलत नाही.

पेनड्राइव्ह बंद झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण जीएसटी भरणाऱ्या मुलांची डीएससी टोकनंही (डिजिटल सहीची यूएसबी यंत्रं) अडतात, आणि तीही सगळीकडे नाही. शेजारशेजारच्या दोन पीसींपैकी एकावर टोकन चालतं, दुसऱ्यावर नाही. परवा एकाने चालू टोकन पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावलं, तर तेही गेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि सिस्टिम पॉलिसीने इन्स्टॉलेशनला मनाई केल्याचा मेसेज.

टोकनवाले पीसी एका ग्रुपात टाकून व्हेंडरने तो ग्रुप एक्स्क्लूड केलेला, म्हणजे पॉलिसीतून वगळलेला दिसतो. तरी इंट्यूनचा कन्सोल त्याच पीसींवर पॉलिसी 'सक्सीडेड' दाखवतोय, दोनतीन ठिकाणी 'कॉन्फ्लिक्ट'. २० तारखेला थ्रीबी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायचं आहे. सर म्हणतात पॉलिसीच काढून टाक. मला ते नकोय. कुणी केलंय का हे?

कन्सोलकाका:
इन्क्लूडमध्ये कोणता ग्रुप आहे? माणसांचा की मशीनचा?

सर्व्हररूमवाली:
इन्क्लूडमध्ये 'ऑल स्टाफ', म्हणजे माणसांचा. एक्स्क्लूडमध्ये पीसींचा.

कन्सोलकाका:
मग घोळ तिथेच आहे. कोणता माणूस कोणत्या मशीनवर बसतो याचा मेळ इंट्यून एक्स्क्लूड करताना घालत नाही. इन्क्लूडला युजर आणि एक्स्क्लूडला डिव्हाइस असं मिसळलं की वगळणं लागूच होत नाही. दोन्हीकडे एकाच जातीचे ग्रुप ठेवा, नाहीतर असाइनमेंटला फिल्टर लावा. डिव्हाइस कॅटेगरीवर फिल्टर लावता येतो आणि तो युजर ग्रुपवरही चालतो.

कॉन्फ्लिक्टचं म्हणाल तर एकच सेटिंग दोन प्रोफाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या दोन संचांत, वेगवेगळ्या व्हॅल्यूने आलं असणार. बहुतेकदा एक प्रोफाइल हाताने बनवलेली असते आणि दुसरीकडे कुणीतरी सिक्युरिटी बेसलाइन (मायक्रोसॉफ्टचा सुरक्षा सेटिंग्जचा तयार संच) लावलेली असते. त्या मशीनवर जाऊन प्रोफाइल उघडा, नेमकं कोणतं सेटिंग भांडतंय ते दिसतं. ते एकाच ठिकाणी ठेवा. इंट्यून आपणहून निवाडा करत नाही.

परळचा_पोर्ट:
काकांचं ग्रुपबद्दलचं बरोबर आहे, पण राव, वगळायचंच कशाला? ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त क्लायंट डेटा, त्याच पीसींवर पेनड्राइव्ह मोकळे करणार का? पॉलिसीच चुकीच्या जागी मारली आहे.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन' म्हणजे यादीत नसलेलं कुठलंच नवं यंत्र विंडोजला बसवू द्यायचं नाही. 'रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस' म्हणजे यंत्र बसू दे, पण त्यावर वाचायला-लिहायला मनाई. तुमचा मेसेज पहिल्याचा आहे. टोकन विंडोजला डिस्क म्हणून नाही, स्मार्ट कार्ड रीडर म्हणून दिसतं, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत ते अडत नाही.

पोर्टचं कोडंही यातच सुटतं. पॉलिसी यायच्या आधी जे बसलं होतं ते चालू राहतं, म्हणून एका पीसीवर चालतं. पण ज्या यूएसबी यंत्राला स्वतःचा सीरियल नंबर नसतो, ते दुसऱ्या पोर्टला लावलं की विंडोज त्याला नवीन पाहुणा समजून पुन्हा बसवायला जातं आणि पॉलिसी दारातच अडवते. खात्री करायची तर विंडोज फोल्डरातल्या 'आयएनएफ'मध्ये सेटअपएपीआयचा डेव्ह लॉग आहे. टोकन लावल्याची वेळ बघा, मनाईची नोंद सापडेल.

इन्स्टॉलेशनवाली पॉलिसी काढा. त्याऐवजी सेटिंग्ज कॅटलॉगमधून 'रिमूव्हेबल डिस्क्स'साठी डिनाय रीड आणि डिनाय राइट लावा. 'ऑल रिमूव्हेबल स्टोरेज क्लासेस' घेऊ नका. बऱ्याच टोकनांमध्ये ड्रायव्हरसाठी छोटी सीडी ड्राइव्ह दिसते, तीही बंद होते आणि नव्या पीसीवर टोकन बसवताना तुमचीच पंचाईत होते.

सर्व्हररूमवाली:
लॉगमध्ये खरंच मनाईची नोंद आहे! आज एका पीसीवर बदलून बघते. किती वेळात पोचेल?

कन्सोलकाका:
आपोआप चेक-इन साधारण ८ तासांनी. वाट बघू नका, कन्सोलमधून त्या मशीनला सिंक द्या, किंवा पीसीवरच सेटिंग्ज, अकाउंट्स, ॲक्सेस वर्क ऑर स्कूल, इन्फो, सिंक. बॅगेत बंद पडून विरार लोकलने फिरणारे लॅपटॉप मात्र चालू होऊन नेटला लागेपर्यंत जुन्याच पॉलिसीवर राहतात, तेव्हा 'पेंडिंग' दिसलं तर घाबरू नका. आणि २० तारीख जवळ असताना साठच्या साठ मशीनवर एकदम सोडू नका.

सर्व्हररूमवाली:
झालं! टोकन मागच्या-पुढच्या दोन्ही पोर्टला चालतंय, पेनड्राइव्ह उघडायला गेलं की ॲक्सेस नाकारतो. कॉन्फ्लिक्टही बेसलाइनचाच निघाला. आता जीएसटीची टीम, मग हळूहळू बाकीचे. दोघांचेही आभार.

डोंबिवली_फास्ट:
धागा वाचून आमच्याकडे हेच लावलं. एका हुशार आर्टिकलने (सीएकडच्या शिकाऊ मुलाने) मोबाइल केबलने जोडला आणि फाइली आरामात फोनमध्ये टाकल्या. याला काय करायचं?

परळचा_पोर्ट:
फोन डिस्क म्हणून येत नाही, डब्ल्यूपीडी (विंडोज पोर्टेबल डिव्हाइस) म्हणून येतो. त्याच यादीत खाली 'डब्ल्यूपीडी डिव्हाइसेस'चं डिनाय रीड आणि डिनाय राइट वेगळं आहे, तेही लावा. चार्जिंग चालू राहतं, त्यामुळे ऑफिसात बोंबाबोंब होत नाही.