‘हूयो’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : चिनी कादंबरीकार यू ह्वा यांचं दहा शब्दांवरचं निबंधांचं पुस्तक इंग्रजीतून वाचतोय. जनता, नेता, वाचन, क्रांती असा एकेक शब्द घेऊन लिहिलंय. शेवटचा शब्द ‘हूयो’. अनुवादक ॲलन बार यांनी तिथे ‘बॅम्बूझल’ वापरलंय. मराठीत ‘फसवणूक’ चालेल?

प्रतिसाद : नको. फसवणूक म्हटली की पोलीस ठाणं आणि वकील आलेच. ‘हूयो’ म्हणताना माणूस हसतो. मुळात हा ईशान्य चीनच्या बोलीतला शब्द, अर्थ डुलणं, हेलकावणं. २००१ साली नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात झाओ बनशान या विनोदी नटाचं एक प्रहसन गाजलं आणि शब्द देशभर पसरला. त्यात तो एका धडधाकट आचाऱ्याला बोलता बोलता पटवतो की तुझा पाय अधू आहे, आणि त्याच्या गळ्यात कुबड्या मारतो. वर तो आचारीच आभार मानतो! इथे ‘शेंडी लावणे’ चपखल बसेल.

प्रतिसाद : मूळ अर्थ हेलकावे असेल तर ‘झुलवणे’ का नको?

प्रतिसाद : झुलवण्यात आशेला लावून ताटकळत ठेवणं येतं. इथे काम तिथल्या तिथे उरकतं. ‘टोपी घालणे’ही जवळचं, पण त्यात पैसे बुडालेच असं वाटतं. ‘हूयो’त बढाई, थाप, अफवा सगळंच मावतं. यू ह्वांचं दुखणं तेच आहे : शब्द इतका खेळकर की लबाडीची लाजच उरत नाही. स्वतःचा किस्साही त्यांनी दिलाय. वडील सर्जन. लहानपणी त्यांचा मार चुकवायला या पठ्ठ्याने पोट दुखतंय अशी थाप मारली, आणि शेवटी टेबलावर घेऊन त्याचं अपेंडिक्स काढलं! याला ‘शेंडी लावायला गेला आणि पोटावर टाके घेऊन आला’ असंच म्हणावं लागेल. (पुढे हे गृहस्थ स्वतः काही वर्षं दात उपटत होते, मग १९८३च्या सुमारास लेखनाकडे वळले.)

प्रश्नकर्ता : पटलं. क्रियापदाला ‘शेंडी लावणे’ घेतो, पण नाम हवं असेल तर? निबंधाचं शीर्षक आहे.

प्रतिसाद : ‘गंडवागंडवी’. बोलीतलं आहे, हलकं आहे, आणि दोन्ही बाजूंनी चाललंय हेही त्यात आलं.

प्रतिसाद : आणि पुस्तकात ‘हूयो’च्या आधी येणारा शब्द ‘शानझाय’?

प्रतिसाद : शब्दशः डोंगरातली गढी, बंडखोरांचा अड्डा. हल्ली नकली मोबाइलपासून सगळ्याला म्हणतात. आपल्याकडे बाजारात ‘डुप्लिकेट’च म्हणतात, तेच ठेवा. गढीतला बंडखोरपणा त्यात येत नाही, तेवढी तळटीप द्या. यू ह्वांनी न दिलेली मुलाखत छापून आली, तेव्हा त्यांना ती ‘शानझाय मुलाखत’ असल्याचं सांगण्यात आलं. ‘डुप्लिकेट मुलाखत’ मराठीत सहज चालतं.