मदत हवी आहे : उपासनेपासून दुरावलेल्या तरुणांसोबत शास्त्रवाचन कोठून सुरू करावे?

खारघर परिसरातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेले, आता ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरी करणारे अनेक तरुण नाताळ आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) वगळता उपासनेला येत नाहीत. घरी गेल्यास चहापाणी अगत्याने होते, मात्र पवित्र शास्त्राचा (बायबलचा) विषय निघताच हात मोबाईलकडे जातो. (उघड विरोध परवडला, ही सभ्य उदासीनता अवघड.)

तरुण संघाच्या सभा, उपवास-प्रार्थना, पाहुणे वक्ते हे सारे झाले. त्यातल्या त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची (1861–1919) भजने पेटी-तबल्यावर म्हटली तेव्हा काही जण शेवटपर्यंत थांबले, पण पुढे फिरकले नाहीत. बायबलमधील यहेज्केल 36:26 या वचनाप्रमाणे पाषाणमय हृदय बदलण्याचे काम देवाचे आहे, हे मान्य. माझा प्रश्न आमच्या वाट्याच्या कामाविषयी आहे.

हा प्रयत्न आमच्याच कुटुंबांपुरता असून त्यात धर्मांतराचा हेतू नाही. आम्ही सदनिकेत जमत असल्यामुळे ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि कामाच्या पाळ्यांमुळे रविवारची सकाळ अनेकांना सोयीची नाही.

अशा तरुणांसोबत घरगुती वाचनाची सुरुवात 16 अध्यायांच्या, आटोपशीर अशा मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी, की शंका उघडपणे मांडणाऱ्या ईयोब किंवा उपदेशक या पुस्तकांपासून. आणि चर्चा पाळकांनी चालवावी की त्यांच्याच वयाच्या कोणी?