दोष एकट्या मोबाईलचा नव्हे

वर एका ताईंनी लिहिलंय, गोरं आणि बारीक व्हायचं वेड इन्स्टाग्रामनं आणलं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ताई, होतं की! आमच्या शहापुरात स्थळासाठी फोटो काढायला गेलं की स्टुडिओवाला निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून डाग झाकायचा. थोरल्या बहिणीच्या गालावरचा कांजिण्यांचा व्रण असाच गेला. 'फेअर अँड लव्हली' तर १९७५ पासून आहे. नावातलं 'फेअर' निघायला २०२० उजाडलं.

बदललं ते अंगाचं माप. आजीच्या तोंडी 'अंगानं भरलेली' हे कौतुक असायचं. फिजीतही तसंच होतं. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ ला टीव्ही पोचला. संशोधक अॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ च्या पाहणीत ११.३ टक्के निघाल्या. तीनच वर्षांत! तेव्हा मोबाईल कुठं होता?

तरी तुमची काळजी खोटी नाही. माझी भाची खानापूरहून बेळगावला कॉलेजला येते. गणपतीत तिनं गोड कुंद्याची वाटी परत सरकवली. "मावशी, गाल दिसतात फोटोत." मोबाईलवर तिचाच चेहरा होता, पण नाक सरळ, हनुवटी निमुळती, रंग उजळ. आम्ही नटीशी तुलना करायचो, ती परकी तरी होती. ही पोर स्वतःच्याच खोट्या चेहऱ्यापुढं हरते, ते मला बघवत नाही.

त्या दिवशी तिला तिच्या आईचा तो जुना फोटो दाखवला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आईचा व्रण कुठं गेला?"